दातातला दोरा

मार्केट यार्डाच्या गेटातून आत आलं की
आधी जिभेवर वास बसतो, मग माणसं दिसतात.
सव्वीस वर्षं मी गुळाच्या अडतीवर दिवाणजी.
रव्याच्या कडेला चाकू लावायचा,
ढलपी काढायची, उजेडात धरायची, जिभेवर ठेवायची
आणि सांगायचं: कणी आहे, रंग थोडा खाली.
गेल्या श्रावणापासून नुसतं उजेडात धरतो.
डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.
दत्तू खाडे पाठीवर रवा घेऊन जाता जाता म्हणाला,
'दिवाणजी, बिनदाताचा वाघ झालासा!'
हसलो.
त्या दिवशी तीन पावत्या चुकल्या.

घरी शर्ट खुंटीला लावला की
अर्ध्या तासात मुंग्यांची रांग,
कॉलरपासून खिशापर्यंत.
विजयमाला तो रोज गॅलरीत नेऊन झटकते.
मारत नाही एकही.
म्हणते, 'तुमच्या मागं कोण कोण लागलंय, बघू दे की मला.'

म्हणते म्हणजे, दातात दोरा धरून म्हणते.
पुढच्या खोलीत तिचं मशीन, फॉल-पिकोच्या साड्यांचा ढीग,
प्रत्येकीला चिठ्ठी टाचलेली: कांबळे वहिनी, शुक्रवार, घाई.
लग्न झालं तेव्हा तिचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही.
आता उलटं झालंय.
दोरा तोडून, तोंड मोकळं करून ती बोलायला लागली
की मी दचकतो.
एकदा तिची आई गेली तेव्हा.
एकदा प्रणोतीनं नाशिकची नोकरी घेतली तेव्हा.
आणि एकदा, 'साखर संपली. आता आणायची नाही.'

तेव्हापासून तीही बिनसाखरेचा पिते.
पहिल्या घोटाला तोंड वाकडं करते,
मी बघत नाही हे आधी बघून.

वडील सांगायचे, पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा.
बोटं धरायची, दाबायची, भाव ठरायचा,
शेजारी उभ्या माणसाला पत्ता नाही.
आता सगळं ओरडून.
रिपोर्ट आणायला केएमटीनं निघालो होतो.
दसरा चौकात गाडी अडकली
आणि मांडीवरच्या पिशवीखाली तिनं माझी दोन बोटं धरली,
दाबली,
खिडकीबाहेर बघत राहिली.
कितीला ठरलं, मी विचारलं नाही.

परवा हमालांचा बंद, म्हणून दिवसभर घरी.
'नुसतं बसून काय करतासा,' म्हणून चार साड्या हातात दिल्या.
राजारामपुरीत, सहाव्या गल्लीत,
एका दारातनं बारकं पोर आत ओरडलं,
'आई, फॉलवाल्या काकूंचा माणूस आलाय!'
येताना मी ते दोनदा मनात म्हणून बघितलं.
दिवाणजीपेक्षा बरं वाटलं.

परत आलो तर उन्हाचा एक पट्टा
मशीनवरून घसरत तिच्या पावलावर आलेला.
रोज तीनच्या सुमाराला तो तिथं येत असणार,
इतकी वर्षं, मी मार्केटात असताना.
जोडव्यात दोरा गुंतला होता, अंजिरी.
सोडवायला वाकलो तर म्हणाली,
'असू दे. अजून दोन साड्या त्याच रंगाच्या हायत.'

दळणाला जाताना ती दारातनं सांगते, 'येतो.'
रात्री जिन्यातनं मी सांगतो, 'आलो.'
प्रणोती फोनवर चिडवते,
'आई, येते म्हण की गं, इकडं हसतात.'
'कोण हसतंय? तुझा बाप तर न्हाई हसत.'
तिच्या माझ्या जाण्यायेण्याचं व्याकरण एकच,
हे मला आधी कधी सुचलं नव्हतं.
सुचून तरी काय, पीठ आणायचं राहिलं होतं.

काल शर्ट झटकता झटकता ती थांबली.
कॉलर नाकाशी नेली.
मग गॅलरीतल्या ट्यूबच्या उजेडात धरली, दोन्ही हातांनी,
मी रवा धरतो तशी.
'रंग खाली आलाय,' म्हणाली,
दोरा तसाच दातात.
'पण कणी हाय.'